पिंपरी पेंढारच्या हॉलची लाकडी जमीन

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं माहीत आहे. हे माहीत नाही. ज्या दोन माणसांच्या बाबतीत हे घडलं, त्यातले एक आता ऐकण्याच्या पलीकडे गेलेत आणि दुसरीला सांगायची संधी मला मिळाली होती — ती मी घालवली. ते पुढे येईलच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

वारूळवाडीला हमरस्त्यावर माझं फरशीचं दुकान आहे. आधी टाइल्स आणि नळ-बेसिनच विकायचो. मग द्राक्षं आणि टोमॅटो करणाऱ्यांचे बंगले उभे राहायला लागले, पुण्याच्या लोकांनी इकडे शेतघरं बांधली आणि त्यांना खाली लाकूड हवं होतं — खरं लाकूड, लाकडासारखं दिसणारं नव्हे. मी एका कंपनीची डीलरशिप घेतली. पट्ट्या त्यांच्या, बसवायचं काम माझं. कागदावर भरपूर वर्षांची वॉरंटी. त्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात काय असतं, हे गिऱ्हाईक वाचत नाही. मी वाचलं होतं. माल खराब निघाला तर कंपनी भरून देणार. बसवण्यात चूक झाली तर डीलर. आणि गिऱ्हाइकाने जमिनीवर पाणी वापरलं, तर कुणीच नाही.

औटी सर मला शाळेत पीटीला होते. मी काही खेळाडू नव्हतो, पण पळायला कंटाळणाऱ्या पोरांनाही ते नावाने हाक मारायचे, त्यामुळे आम्ही पळायचो. निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आतच त्यांची पत्नी गेली. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पिंपरी पेंढारला स्वतःच्या जागेत, हाती आलेल्या फंडातून, बाईंच्या नावाने बॅडमिंटनचा हॉल बांधायला काढला. गावातल्या मुलींसाठी. पोरांना खेळायला रान मोकळं आहे, पोरींना कुठे आहे, असं म्हणायचे. सिमेंटवर खेळून मुलींचे गुडघे जातील म्हणून खाली लाकूडच हवं, यावर ते अडून बसले. आणि काम मलाच दिलं. दुसरा कुणी डोळ्यांपुढेच नव्हता त्यांच्या.

पावसामुळे खालच्या सिमेंटच्या कोब्याचं काम लांबलं. बाईंच्या वर्षश्राद्धाला हॉल सुरू करायचा, असं सरांनी मनात धरलं होतं. कोबा वरून कोरडा दिसत होता. ओल मोजायचं एक छोटं यंत्र असतं, ते मी जमिनीला लावलं. ते ओरडायला लागलं. दुसऱ्या कोपऱ्यात लावलं, तिथेही तेच. अजून महिना-दीड महिना थांबायला हवं होतं. सर दारात उभे होते.

"काय म्हणतंय रे दत्ता? वाळलाय ना?"

"खडखडीत आहे, सर."

इथून सुरुवात झाली. तुम्ही म्हणाल, सरांचं मन राखायला बोललास. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण ते खरं नाही. पुढच्या आठवड्यात माझे फिटर दुसऱ्या कामावर जाणार होते. ते परत कधी मिळाले असते, कोण जाणे. मला माझं काम उरकायचं होतं. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला, त्याचे सांधे नीट चिकटवायलाही वेळ घेतला नाही, आणि पट्ट्या ठोकल्या.

हॉल मात्र देखणा झाला. मुलींनी पहिल्या दिवशी चपला पार फाटकाबाहेर काढून ठेवल्या होत्या.

हॉलची झाडलोट, किल्ली, सगळं शालनताई बघायच्या. गावातल्याच, बौद्धवस्तीतल्या. नवरा नव्हता, मुलगी घोडेगावला दिलेली. त्यांचं खरं काम संध्याकाळी असायचं. आमच्याकडे उसाला लागून वाट असली की अंधार पडल्यावर एकट्या मुलीला कुणी सोडत नाही — बिबट्या कधी कुठे बसलेला असेल, सांगता येत नाही. तर खेळ संपला की शालनताई हातात काठी आणि बॅटरी घेऊन सगळ्या मुलींना एका रांगेत घरोघर पोचवायच्या. वाटेने मोठमोठ्याने बोलत जायच्या, मुलींनाही बोलायला लावायच्या. त्यांच्या भरवशावर आया मुलींना पाठवत होत्या. सरांच्या नाही — त्यांच्या.

पुढच्या पावसाळ्याच्या आतच पट्ट्यांच्या कडा वर आल्या. एकेक पट्टी पन्हळीसारखी, मध्ये खोल आणि कडेला उचललेली. हात फिरवला की बोटाला लागायचं. एक मुलगी ठेचकाळून पडली, तिचं मनगट मोडलं. सरांनी मला बोलावलं तेव्हा मी दारातूनच ओळखलं. या धंद्यातल्या कुणालाही कळतं — लाकडाला खालून ओल लागली की कडा अशा उचलतात. वरून पाणी पडलं म्हणून एवढी मोठी जमीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी फुगत नाही.

सरांनी कंपनीकडे क्लेम लावला. फोन झाले, फोटो गेले. कंपनी म्हणाली, माल चांगला आहे, डीलरला विचारा. मी सरांना म्हणालो, माल खराब दिसतोय, कंपनीला सोडू नका. असं दोन्हीकडून चाललं होतं, आणि मधे एक म्हातारा माणूस. अखेर पाहणी करायला पुण्याहून कंपनीचा माणूस आला.

तो दिवस मी टाळत टाळत इथवर आणलाय. सांगतो.

हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. कंपनीचा माणूस, सर, मी, आणि दाराशी शालनताई. तो माणूस गुडघ्यांवर बसून पट्ट्या बघत होता. बघताना तो एकदा माझ्याकडे वळला आणि त्याला कळलंय, हे मला कळलं. तो उठला, हात झटकले आणि अगदी सहज विचारलं, "इथे पुसायला पाणी किती वापरतात?"

हा प्रश्न नव्हता. ती एक वाट होती — त्याच्या कंपनीला सुटायची, आणि मला पण. त्यात फक्त कुणाचं तरी नाव घालायचं बाकी होतं.

सर म्हणाले, "पाणी नाहीच. पिळलेलं फडकं फक्त. तसं सांगितलंय मी शालनला."

आणि मी म्हणालो, "सर, तुम्ही सकाळी नसता. मी दोन-तीनदा आलो तेव्हा बादलीभर पाणी ओतून पुसताना बघितलंय मी ताईंना. मीच बोलायला हवं होतं तेव्हा."

मीच बोलायला हवं होतं तेव्हा! बघा ना, केवढी तयारी. खोट्याला आणखी वर चांगुलपणाचा मुलामा. मी सकाळी त्या हॉलवर कधी फिरकलोसुद्धा नव्हतो.

शालनताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "न्हाई वो सर. म्या पानी न्हाई वतलं कदी. फडकं बी भाईर पिळून आनते."

सर माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, मी तेव्हा नुसता गप्प राहिलो असतो तरी त्यांना समजलं असतं. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या सर, त्यांना कुठं माहीत असणार लाकडाचं. फरशीच्या सवयीनं झालं असेल."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

आता तुम्ही विचाराल, ताईंचंच नाव का? मुलींकडून पाणी सांडलं म्हणालो असतो, पत्र्यातून गळतंय म्हणालो असतो. मी ते त्या वेळी ठरवून केलं, असं नाही. तोंडातून ते आलं. पण का आलं, हे मी नंतर पुष्कळ वेळा उलगडून बघितलंय. मुली मराठ्यांच्या-माळ्यांच्या होत्या, त्यांच्या घरची माणसं माझ्या दुकानात आली असती. पत्रा ज्याने घातला, तो माझ्या भावाचा मित्र. शालनताईंच्या बाजूने भांडायला कुणी येणार नव्हतं — आणि हे मला आतून, न शिकवता, माहीत होतं. त्यांच्या जागी माझी चुलती असती, तर माझी जीभ उचलली असती का? नसती. डीलरशिप वाचवायला केलं म्हणालो तर अर्धं खरं होईल. सरांना मी ‘खडखडीत’ म्हणालो होतो, ते उघडं पडू नये म्हणूनही केलं. पण नाव निवडताना मी जे केलं, त्याला धंद्याचं कारण नाही.

क्लेम नाकारला गेला. ‘वापरातील निष्काळजीपणा’ असं कारण आलं. सरांनी शालनताईंना काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, "अगं, सांगितलं असतंस तर रागावलो नसतो." दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलची किल्ली सरांच्या ओट्यावर होती. सरांनी त्यांना परत बोलावलं नाही. त्या निर्दोष असत्या तर भांडल्या असत्या, असं ते मला म्हणाले, आणि मी मान हलवली.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. "मास्तरचा हॉल हिनं बुडवला" — असं त्यांच्या तोंडावर म्हणणारेही होते. थोड्या महिन्यांनी शालनताई मुलीकडे घोडेगावला राहायला गेल्या.

आणि संध्याकाळचा खेळ बंद पडला. सरांनी दुसरी बाई बघितली, पण आया तयार होईनात. मी सोडत जाईन, असं सर म्हणाले, तर त्यांना रात्रीचं दिसायचं नाही. दिवसा मुलींना शाळा, सुट्टीला कांदे आणि टोमॅटो. एकेकीचं येणं थांबलं. दोघी-तिघी चांगल्या खेळायच्या, त्यातली एक जिल्ह्याला जाईल असं सर म्हणायचे. तिचं लग्न झालं.

लाकूड काढायचं काम पण सरांनी मलाच दिलं. काढून खाली नुसती मॅट टाकायची होती. पट्ट्या उलट्या केल्या तेव्हा वरून पॉलिश जसंच्या तसं होतं आणि खालून सगळं काळं, बुरशी आलेलं. सर यायच्या आत मी पट्ट्या टेम्पोत भरल्या. त्या थंडीत आमच्या घरच्या बंबाला तेच लाकूड होतं. बायको म्हणायची, धुराला वास कसला येतोय? आम्ही सगळे त्या पाण्याने अंघोळ करत होतो.

मॅटचं काम मी माझा नफा न घेता केलं. सर चारचौघांत सांगायचे, दत्ता होता म्हणून निभावलं. शेवटपर्यंत सांगत होते. त्यांच्या आजारपणात दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो आहे, मोसंबी सोलून दिली आहे. मुली यायला हव्या होत्या रे, असं ते तेव्हाही म्हणाले. मी म्हणालो, येतील सर.

हॉल आहे अजून. सकाळी आमच्यासारखे पोट सुटलेले व्यापारी तिथे खेळतात. मीही काही दिवस गेलो होतो.

गेल्या वर्षी मंचरच्या एसटी स्टँडवर शालनताई दिसल्या. पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. केस पांढरे झालेत, नातू कडेवर होता. मी वळून जाणार होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"भाऊ, वळकलं का? औटी सर गेलं म्हनं. मला लई उशिरा कळलं, न्हाईतर आले असते." मग त्यांनी मुलींची चौकशी केली. एकेकीचं नाव घेऊन. कुणाला दम लागायचा, कुणाला अंधाराची भीती वाटायची, सगळं. मी म्हणालो, बऱ्या आहेत सगळ्या.

त्यांची गाडी लागली. नातवाला सावरत त्या दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"एक सांगते भाऊ, राग नका मानू. म्या खरंच पानी वतलं नव्हतं. तुमी दुसऱ्या कुनाला तरी बघितलं आसंल. तुमचा गैरसमज झाला व्हता."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. इतकी वर्षं त्यांनी बसून, माझ्यासाठी, एक कारण शोधून काढलं होतं — ज्यात मी खोटारडा नव्हतो. आणि ते त्या मला देत होत्या. मी तेव्हा बोलू शकलो असतो. स्टँडवर आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. सर गेले होते, डीलरशिप मी केव्हाच सोडली होती. जाण्यासारखं माझं काहीच उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "असेल, ताई. तसंच झालं असेल."

त्यांना फार बरं वाटलं. चेहराच बदलला त्यांचा. "मंग ठीक हाय," म्हणाल्या, नातवाला माझ्याकडे हात हलवायला लावला आणि गाडीत चढल्या.

मीही हात हलवला.