परतीचं वजन

आमच्या समोरच्या घरात काटाभाऊ राहतो. शहराबाहेर हमरस्त्याला मोठा वजनकाटा आहे. ट्रक येऊन लोखंडी पाटावर उभे राहतात, आणि केबिनमध्ये बसलेला माणूस आकडा वाचतो. तो माणूस म्हणजे काटाभाऊ. ट्रकवाले त्याला काय काय दाखवत नाहीत! कुणी वाळूवर पाणी मारून आणतो, कुणी क्लीनरला ताडपत्रीखाली निजवतो, कुणी एक चाक हळूच पाटाबाहेर ठेवून साळसूदपणे विडी पेटवतो. अशा मंडळींत जन्म काढलेला माणूस घरी आल्यावर साखरेच्या पुडीवर तरी विश्वास ठेवील का? भाजीची पिशवी हातात घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "वजनात मारलं." कोपऱ्यावरची भाजीवाली त्याला लांबून येताना पाहते आणि नवऱ्याला पुढे करून आत जाते.

पण त्याचा खरा वैरी भंगारवाला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या काट्यांत एकवेळ देव सापडेल, भंगारवाल्याच्या काट्यात सापडायचा नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्या घरातून लोखंडाचा तुकडा बाहेर गेलेला नाही. पाती नसलेला पंखा, मेलेल्या बॅटऱ्या, नळाचे तुकडे, जळके मिक्सर, आणि काट्यावरून बाद झालेली बिडाची जाडजूड वजनं. हे सगळं आधी पलंगाखाली होतं. मग जिन्याखाली आलं. मग त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, शिलाई मशीनखाली सरकलं. तेव्हापासून बिचाऱ्या मशीनवर तिरक्या बसतात. मी त्यांना एकदा म्हटलंही, वहिनी, तुमची शिवण सरळ येते हाच चमत्कार आहे. त्यांनी हसून घेतलं, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

थंडीत एकदा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला त्या पंख्याची ठेच लागली. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. अंगठा धरून त्या शांतपणे म्हणाल्या, "एक दिवस मीच निघून जाईन या घरातून. मग बसा या पसाऱ्याला कुशीत घेऊन."

काटाभाऊ तेव्हा हसला. बायको ओरडते तोवर घाबरायचं कारण नसतं, शांत बोलली की सावध व्हावं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच सुमारास पोरीला गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि घरात सहलींची टूम निघाली. पहिली सहल तळ्याची. वहिनींनी सामान फार घेतलंय यावरून निघतानाच जुंपली. एका दिवसाला एवढं सामान? तर म्हणे, तुम्हालाच दर तासाला खायला लागतं. वाद मिटवायला काटाभाऊने पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि गाडी सरळ आपल्या काट्यावर घातली. केबिनमध्ये जाऊन आकडा पाहिला, विजयी मुद्रेने परत आला आणि तळ्यापर्यंत बोलत राहिला. संध्याकाळी परत येताना पुन्हा टाकी भरली, पुन्हा गाडी पाटावर घेतली. सहज, गंमत म्हणून. आकडा मात्र त्याने दोनदा वाचला. गाडी पन्नास-साठ किलोंनी हलकी झाली होती.

घरात न सांगता त्याने माझ्या ओट्यावर येऊन दोन्ही आकडे मांडले. मी म्हटलं, अरे, जेवण संपलं असेल. तो म्हणाला, दादा, जेवलो ते पोटात गेलं आणि पोटं गाडीतच होती.

मी विचारलं, डिकी भरतं कोण? ती. तू कुठे असतोस? अंघोळीला. रिकामी करतं कोण? तीच. मी फक्त "हं" म्हटलं. आमची ही म्हणते, तुमच्या या "हं"ने गल्लीतली दोन लग्नं मोडली. साफ खोटं आहे. एकच मोडलं, आणि ते मोडणारच होतं.

उन्हाळ्यात मंडळी नदीवर गेली. तिथे गाडीची मागची चाकं वाळूत रुतली. आजूबाजूचे चार लोक धावून आले. पहिल्यांदा डिकी रिकामी करा, म्हणाले, गाडी हलकी होईल. वहिनी डिकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. उघडायची नाही म्हणाल्या, डबे नीट रचलेत, सांडतील. शेवटी ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढली. काटाभाऊ गुडघाभर वाळूत उभा राहून बायकोकडे बघत होता. क्लीनर ताडपत्रीखाली असला की ड्रायव्हरचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता, असं त्याने मला सांगितलं. दुपारी जेवून तो नेहमीसारखा झाडाखाली आडवा झाला. मायलेकी गाडी घेऊन सरावाला गेल्या. आणि परतीचं वजन पुन्हा कमी.

मग त्याने घर तपासायला घेतलं. वहिनींचं कपाट, कपडे, दागिन्यांचा डबा, त्यांच्या आईचा फोटो, मशीनची कात्री. सगळं जागच्या जागी. दुसरा कुणी असता तर हुश्श म्हणाला असता. पण संशयाला दोन्ही दारं उघडी असतात. वस्तू गेली तर बायको निघाली, वस्तू आहे तर तिकडे नवी घेऊन ठेवली असणार! तिकडे म्हणजे मेहुणीकडे. मेहुणीने वरची खोली रिकामी करून रंगवून घेतल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्यातच एकदा वहिनी फोनवर बहिणीला हळू आवाजात सांगत होत्या, अजून एक-दोन फेऱ्या, मग सुटले मी.

त्या दिवसापासून गडी खचला. शर्टाची बटणं वरखाली लागायला लागली. बिनसाखरेचा चहा समोर आला तरी पिऊन छान झालाय म्हणायचा. वहिनींनी मला येऊन विचारलं, यांना बरं नाहीये का? माझ्याशी विनाकारण गोड वागतायत. आता या बाईच्याही मनात पाल चुकचुकली म्हणायची. मी तिथेही "हं" म्हटलं.

मी त्याला सांगितलं, अरे गाढवा, तोंड आहे ना, सरळ विचार. तो म्हणाला, "आणि ती हो म्हणाली तर?"

माणूस कितीही हास्यास्पद असो, असं काही बोलला की आपल्याला हसता येत नाही. मी चहा मागवला.

पाऊस सरल्यावर मेहुणीकडे जायचं ठरलं. काटाभाऊने मनाशी पक्कं केलं, आज काय तो निकाल. दुपारी जेवण झालं आणि तो आडवा पडला. पण नुसतं पडून भागणार नव्हतं. त्याचं घोरणं दोन्ही कुटुंबांत प्रसिद्ध, त्यामुळे जागेपणी घोरावं लागलं. पोर नंतर मला म्हणाली, बाबा इतके तालात घोरत होते की मला तेव्हाच शंका आली होती. मायलेकी गाडी काढून निघाल्या. याने साडूची सायकल घेतली आणि पाठलाग सुरू केला. बाजाराच्या गर्दीत गाडी हळू चालली म्हणून बरं, नाहीतर संसाराचा निकाल पुढच्या चौकातच हुकला असता.

एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. गाडी तिथे थांबली. काटाभाऊ फ्रिजच्या दारांच्या ढिगाआड लपला. काय बोलायचं ते त्याने माझ्या ओट्यावर घोकून ठेवलेलं. आजवर माझं काय चुकलं, इथपासून सुरू होऊन पोरीच्या भवितव्यावर संपणारं भाषण होतं ते. डिकी उघडली. वहिनींनी वाकून काहीतरी जड उचललं. पाती नसलेला पंखा! मागोमाग बॅटऱ्या, नळाच्या तुकड्यांचं पोतं, आणि वीस किलोचं बिडाचं वजन, जे त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालं होतं.

समोर भंगारवाला उभा. त्याने सवयीने पोतं लटकत्या काट्याला अडकवायला उचललं.

भाषण राहिलं बाजूला. काटाभाऊ ढिगाआडून बाहेर आला आणि दरडावून म्हणाला, "आधी रिकामा काटा दाखव. सुई शून्याच्या मागे आहे तुझी."

भंगारवाल्याच्या हातातून पोतं सुटलं. पोरीने तोंडावर हात ठेवला. वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"वजन करायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "मी फुकट देतेय. वर्षभर देतेय. तळ्याकाठच्या गावात दिलं, नदीवर दिलं, इथे देतेय. आपल्या गल्लीत टाकलं असतं तर तुम्ही उचलून परत आणलं असतं."

"फुकट?" एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला. मग खाली बघत, भंगारवाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने विचारलं, "म्हणजे तू जाणार नाहीयेस?"

वहिनींना आधी कळेचना. मग इतक्या दिवसांचा बिनसाखरेचा चहा त्यांच्या ध्यानात आला असावा. त्या त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावायला लागल्या.

"जायचं असतं तर हलकी गेले असते," त्या म्हणाल्या. "तुमचं ओझं कशाला वाहिलं असतं? मला मशीनवर सरळ बसायचंय, बस."

मेहुणीची वरची खोली भाडेकरूसाठी रंगवली होती, हे संध्याकाळी चहावर कळलं. साडू दोन दिवस हसत होता म्हणे.

पण गोष्ट इथे संपली असती तर तो काटाभाऊ कसला? परतताना नेहमीप्रमाणे टाकी भरून गाडी पाटावर आली. या वेळी मात्र वहिनी झटकन उतरल्या आणि त्याच्या आधी केबिनमध्ये शिरल्या. जातानाचा आकडा त्यांनी त्या सकाळी बरोबर लक्षात ठेवला होता. गाडी हलकी झाली होती, पण व्हायला हवी तेवढी नाही. त्या आकड्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. नवरा आकाशाकडे बघत होता.

डिकीत, साडूच्या जुन्या चादरीखाली, ते वीस किलोचं बिडाचं वजन निजलं होतं. अगदी ताडपत्रीखालच्या क्लीनरसारखं.

वहिनींनी ते ठेवू दिलं. आता ते त्यांच्या पुढच्या दाराला टेकवलेलं असतं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. दार सदा सताड उघडं आणि आतून मशीनचा आवाज येतो. मला ओट्यावरून सगळं दिसतं. काटाभाऊ कामावरून येतो, वाकून वजन जरासं उचलून बघतो आणि खाली ठेवतो. पोकळ करून भंगारवाल्याला विकलं तर नाही ना, एवढीच खात्री करून घेतो. मी फक्त "हं" म्हणतो.