काकडाशिवाय शेवळं

इथे इंदूरला शेजारच्या बाईंनी कोळशाची शेगडी पेटवली, की अजून माझा घसा खाजायला लागतो.

माझी शाळा चौथीत सुटली, त्याच वर्षीची गोष्ट. म्हसळ्याकडच्या आमच्या गावात उन्हाळा सरताना रानात शेवळं उगवत. ही भाजी घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडाच्या झाडाची आंबट फळं घालावीच लागतात. नव्या वहिनीने मला ती आणायला पाठवलं. टेकडीवर गेले तर काकड काय, ऐनाची झाडं काय, नुसती खोडकं उरलेली, आणि खाली कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या. मी रिकाम्या हाताने परतले नि मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "चिंच घाल गं, कुणाला कळतंय!"

तिने घातली, पण खाज काही गेली नाही; दोन घासांतच बाबा खाकरत उठले. ताट भिंतीवर गेलं. "आयशीनं काय शिकवलं न्हाय व्हय हिला? उद्याच माहेरी धाडा!"

मी मान खाली घातली. वहिनीने माझं नाव घेतलं नाही, ते उपकार माझ्यावर आजही आहेत. तिने एवढंच विचारलं, "मामंजी, काकड कुठं हाय? भट्टीवाल्याला टेकडी तुम्हीच दाखवलीत ना?"

तिला माहेरी धाडलं नाही, पण बाबा तिच्याशी पुन्हा नीट बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, सुटले बाई!

पुढच्या साली टेकडीवर सावलीच नव्हती, शेवळंही उगवली नाहीत. बाबा म्हणाले, "बरं झालं. घरातलं भांडण मिटलं."