पुतळाबाईचं घर डोंगर उतरलं

पुतळाबाईला कशाचीही किळस येते, असं पाड्यावरचे लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. शेणात कोपरापर्यंत हात घालायला, बाळंतिणीचं धुणं धुवायला, मेलेली शेळी ओढत ओहळापलीकडे नेऊन पुरायला ती कधी मागे सरली नाही. तिला शिसारी यायची ती निराळ्याच गोष्टींची. कुणी दुसऱ्याच्या सारवलेल्या अंगणात पचकन थुंकलं, कुणी लोट्याला तोंड लावून पाणी प्यायलं, कुणी लाचारासारखं हसलं, की तिच्या नाकाचा शेंडा वर जायचा आणि वरचा ओठ एका बाजूला ओढला जायचा. चाळिशी उलटेपर्यंत त्या ओढीची एक बारीक सुरकुतीच तिच्या गालावर बसली होती.

सुरगाणा तालुक्यात डोंगराच्या एका सोंडेवर तिचा पाडा होता. घरं अकरा. माघ संपला की वरचा झिरा आटायचा आणि बायकांना अर्धा डोंगर उतरून पाणी आणावं लागायचं. आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून खाली न्यायचा. शेजारच्या कुसाबाईची सून अशीच झोळीत नेताना वाटेवर, करवंदीच्या जाळीपाशी बाळंत झाली होती. पोर जगलं, पण कुसाबाई त्या दिवसापासून डोंगराला शिव्याच द्यायची. म्हणून सत्त्याण्णव साली नाल्यापलीकडून डांबरी सडक गेली आणि तिच्यावरून जीपगाड्या धावायला लागल्या, तेव्हा सहा घरांनी ठरवलं, येत्या शिमग्यानंतर खाली उतरायचं. पुतळाबाईची त्याला ना नव्हती. उलट पहिली तीच म्हणाली होती, "उतरू या."

त्या भागात घर हलवायचं म्हणजे खरोखरच घर हलवायचं. कौलं उतरवायची, वासे सोडवायचे, खांब उपटायचे आणि सगळं डोक्याखांद्यावर नव्या जागी नेऊन पुन्हा उभं करायचं. कारवीचे कूड तेवढे मोडून टाकायचे, ते नवे विणता येतात. हे सगळं शिमगा ते आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, या दीड महिन्यातच व्हायला हवं. त्याआधी लोक द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे गेलेले असतात आणि नंतर शेताची भाजणी, म्हणजे पेरणीआधी राब जाळणं, सुरू होते.

पुतळाबाईनं मनात सगळं लावून ठेवलं होतं. आधी कणगीतली नागली आणि भात खाली कुणाकडे ठेवायचं, मग जातं, मग कौलं, शेवटी लाकूड. कणसरीचा, म्हणजे धान्यदेवीचा, देव्हारा ती स्वतः डोक्यावर नेणार होती. फक्त घर कुठं उभं करायचं, हे तिचा नवरा पुंजा ठरवणार होता. आणि पुंजाच्या वतीनं ते त्याचा चुलतभाऊ गोटीराम ठरवायला बसला.

गोटीरामची सुरगाणा ते वणी जीप चालायची. सडकेवर जिथं त्याची जीप थांबे, तोच लोकांचा स्टॉप झाला होता. अंगावर पांढरा सदरा, करंगळीचं नख वाढवलेलं, तोंडात कायम गुटखा. तो अंगणात खाटेवर बसला आणि काडीनं जमिनीवर रेघा ओढायला लागला. काडीची टोकं थेट तिच्या सकाळच्या सारवणात रुतत होती.

"ही सडक. हा स्टॉप. हितं तुझं घर, पुंज्या. दार सडकंकडं. पुढच्या पडवीत आपण चहाचं दुकान टाकू."

"आपण?" पुतळाबाईनं आतून विचारलं.

गोटीराम हसला. मान वळवून त्यानं अंगणाच्या कडेला लाल पिंक टाकली. "वयनी, चहा तू करशील, गिऱ्हाईक मी आणीन. घरबसल्या काम."

पुंजाही हसला. पुतळाबाईच्या मनात ते हसणं रुतून बसलं. पुंजा एरवी असा नव्हता. शेतात तो भला माणूस होता, बैलाशी बोलायचा, नागलीची भाकर गोडीनं खायचा. पण गोटीराम आला की त्याच्या गळ्यातून एक निराळाच आवाज निघायचा, हिं-हिं-हिं असा, आणि मान आपोआप हलायला लागायची. कोंबडी कापली तर तंगडी गोटीरामच्या ताटात आणि पुंजा रश्श्यावर. गोटीराम उठून गेल्यावर पुतळाबाईनं खाटेपुढच्या रेघा आणि कडेची पिंक खरवडून काढली, नवं शेण आणलं आणि दात आवळून सारवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जागा बघायला उतरली.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. डोंगरभर गोडसर वास सुटलेला. सडकेजवळ आल्यावर तो वास तुटला आणि मुताचा सुरू झाला. जीपमधून उतरणारे बाप्ये त्याच मोकळ्या जागेच्या कडेला उभे राहायचे, एवढं तिला लांबूनच कळलं. गुटख्याची चकाकती पाकिटं पळसाच्या बुंध्याला वाऱ्यानं चिकटली होती. अंड्यांची टरफलं, कोंबडीची आतडी, त्यावर माश्या. एका दगडावर कुणी ओकलेलं वाळून गेलं होतं. गाडीच्या काळ्या तेलानं माती जागोजागी गिळगिळीत झाली होती. तिनं पदर नाकाला लावला. या इथं चूल मांडायची, इथं कणसरी ठेवायची, आणि पडवीत बसून या सगळ्यांना चहा द्यायचा. ओहळावर जाऊन तिनं तोंड धुतलं, पाय धुतले, तरी वाटभर थुंकत वर आली.

"तिथं मी राहायची नाय," ती पुंजाला म्हणाली.

"आता ठरलं."

"आपली नागलीची खाचरं हायत की नाल्याअलीकडं. सडक दिसते, पानी जवळ. तिथं बांधू."

"खडक हाय तिथं. गोटीराम म्हनतो, खांब रोवायचे नायत."

एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला उठला, आणि पुतळाबाईला वाटलं, काहीतरी आणखी आहे.

ते शिमग्याला कळलं. तिचा मुलगा दिनेश सातपूरला कारखान्यात पाळीवर कामाला होता. सणाला दोन दिवस आला. होळीसाठी लाकडं रचताना तो सहज म्हणाला, "आय, मेढ जायची म्हणून तुला वाईट वाटत असंल. पण काकानं चौकटीला मागितली, बा नाय कसा म्हननार?"

मेढ म्हणजे घराच्या मधोमधचा खांब, आढ्याचा सगळा भार घेणारा. पुंजाच्या घराची मेढ सागाची होती, दोन हातांच्या पंज्यांत न मावणारी. लग्न झालं तेव्हा पुंजाकडं कुडाची खोपटी होती. पुतळाबाईच्या बापानं स्वतःचं जुनं घर मोडलं तेव्हा ती मेढ लेकीला दिली. बाप आणि चार भाऊ दोन डोंगर ओलांडून ती खांद्यावर घेऊन आले होते. बापाचा खांदा सोलून निघाला होता आणि तिनं त्यावर हळद लावली होती. आता गोटीराम तालुक्याच्या गावी पक्कं घर बांधत होता आणि त्याला दाराच्या चौकटीला जुनं सागवान हवं होतं.

तिनं पुंजाला गोठ्यात गाठलं.

"मेढ देऊन टाकली?"

पुंजा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "गोटीराम म्हनला, जुना साग खाली नेला तर जंगलवाले पकडतील. त्याच्या वळखी हायत. त्याच्या नावावर गेला तर कोन इचारनार नाय. आपल्याला तो दुसरा खांब देईल, सिमेटचा."

"मला इचारलं?"

"बायकांना काय इचारायचं, म्हनला."

"तो म्हनला. आन् तू?"

पुंजा हिं-हिं असं हसायला लागला आणि मध्येच थांबला. पुतळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. सडकेवरच्या घाणीची तिला आली होती त्याच्या दसपट किळस तिला त्या क्षणी नवऱ्याची आली. पंचवीस वर्षं याच्या अंथरुणाला अंथरूण लावून आपण झोपलो, हे आठवून तिच्या अंगावर काटा आला. त्या रात्रीपासून तिनं आपलं अंथरूण जात्यापाशी टाकलं.

सोमवारी ती शाळेच्या सविताबाईंकडे गेली. बाई नाशिकच्या इंदिरानगरच्या. सोमवारी सकाळच्या जीपनं यायच्या आणि शनिवारी परत जायच्या. गोटीरामच्याच जीपमधून येत असल्यानं त्यांनाही तो चांगला ठाऊक होता.

"पुतळाबाई, घराची नोंद ग्रामपंचायतीत आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हाय. घरपट्टी भरतो की."

"मग जुन्या घराचं लाकूड हलवतोय, असा दाखला मागा. अर्ज मी लिहून देते. तुमच्या नवऱ्याला कुणीतरी उगाच घाबरवलंय."

ती तीन वेळा ग्रामपंचायतीत गेली. दोनदा कुलूप होतं. तिसऱ्यांदा दाखला मिळाला. तो तिनं तांदळाच्या डब्यात ठेवला आणि कुसाबाईच्या दारात जाऊन बसली.

"कुसाबाय, मी खाचरात घर उभं करतेय. बाप्ये स्टॉपवर चाललेत, जाऊ देत. तू येशील?"

कुसाबाईनं तंबाखू मळता मळता विचार केला. "तिथून दवाखान्याची गाडी दिसंल?"

"दिसंल. हाक मारली तर थांबंल पन."

"मग येते. माझी सून, नवसाबाय, भागीबाय, सगळ्या हात लावायला येऊ."

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात कौलं उतरली. बायकांनी रांग केली आणि हातोहात कौलं डोंगरावरून खाली खाचरात गेली. छपरातून उंदरांची घरटी निघाली, सापाची कात निघाली, वटवाघळांची लेंडकं डोक्यावर पडली, वीस वर्षांची काजळी सगळ्यांच्या तोंडाला लागली. पुतळाबाईनं त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही. उंदराची पिल्लं तिनं ओंजळीत घेऊन झुडपात नेऊन ठेवली. पुंजा बाजूला उभा होता. कुणी सांगितलं की वासा धरायचा, कुणी सांगितलं की सोडायचा. खाचरात खडक आहे म्हणाला होता, पण बायकांनी पहारीनं खड्डे घेतले तेव्हा दीड हातापर्यंत नुसती लाल माती लागली.

शेवटी मेढ निघाली आणि अंगणात आडवी ठेवली. ती उचलायच्या आधी सगळ्या जरा टेकल्या. तेवढ्यात गोटीराम दोन माणसं आणि दोरखंड घेऊन वर आला.

"वा, काढून पन ठेवली! पुंज्या, धर तिकडून."

"मेढ खाचरात चाललीय," पुतळाबाई म्हणाली.

"वयनी, जंगलवाले..."

"दाखला हाय."

तिनं डबा उघडून कागद काढला. गोटीरामनं तो वाचला, परत वाचला. त्याच्या गालात गुटखा फिरला. मग त्यानं पुंजाकडं पाहिलं, हसला, आणि मेढीवरच, अगदी मधोमध, पिंक टाकली.

"न्या, न्या. कीड लागलेलंच लाकूड हाय."

लाल पाणी सागाच्या रेषांतून हळूहळू खाली उतरत होतं. पुतळाबाई जागची उठली नाही.

"दिनेसच्या बा," ती म्हणाली, "पूस ते."

पुंजानं गोटीरामकडं पाहिलं. त्याची मान हलायला लागली, तोंड हसायला उघडलं. पण या वेळी आवाज आला नाही. कुसाबाई, तिची सून, नवसाबाई, भागीबाई, सगळ्या काजळी माखलेल्या तोंडांनी त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, खाली बसला आणि मेढ पुसायला लागला. एकदा पुसून डाग गेला नाही. तो ओहळाकडं गेला, टॉवेल भिजवून आणला आणि परत घासायला लागला.

"बायकोचा नोकर झाला रे पुंज्या," गोटीराम म्हणाला.

"आजवर तुझा होतो," पुंजा मान वर न करता म्हणाला.

गोटीराम आपली माणसं घेऊन निघून गेला. त्यानंतर वर्षभर त्यानं पुतळाबाईच्या घरच्या कुणाला जीपमध्ये घेतलं नाही. चालत जावं लागलं, ती सगळी चालत गेली.

मेढ आठ बायका आणि पुंजा यांनी मिळून खाली नेली. आखातीच्या चार दिवस आधी कौलं चढली. कुसाबाईचं घर पलीकडच्या खाचरात झालं. स्टॉपवर उतरलेल्या घरांपैकी दोन घरं पुढच्याच फागुनात तिथून उठली आणि पुतळाबाईच्या शेजारी जागा मागायला आली. तिनं जागा दाखवली, आणि पहिली अट घातली ती थुंकण्याची.

पण सगळं सुरळीत झालं असं म्हणता यायचं नाही. त्या दिवशी मेढ पुसली म्हणून पुंजाला वाटलं, आता झालं. पुतळाबाईच्या मनातून ते गेलं नाही. ती त्याला भाकर वाढायची, तापात त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची, पण तो जवळ बसला की नकळत तिचा ओठ ओढला जायचा. त्याला ते दिसायचं. सहा-सात वर्षं गेली. दिनेशचं लग्न झालं, तो सातपूरला बिऱ्हाड करून राहिला आणि आईला तिकडं बोलवत राहिला. तिनं एकदा जाऊन खोली बघितली, गटार बघितलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

एकदा दुपारी पुंजा पडवीत बसला होता. ती शेणाचा गोळा घेऊन बाहेर आली.

"अजून मनात हाय का तुझ्या?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मेढीचं."

खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

"हाय," ती म्हणाली, आणि त्याला सरकायला सांगून तो बसला होता तिथून सारवायला लागली.