आबांचा उतरवलेला ताप

आबांच्या मानेवर गाठ आली तेव्हा ते कोलशेतच्या मिठागरांवर देखरेखीला होते. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. वैद्यांनी अर्बुद म्हणून हात टेकले. मुंबईला नेऊन कापून घेतली, ती सहा महिन्यांत पुन्हा उगवली. मी कल्याणला सासरी होते. आईचा निरोप आला आणि मी तशीच ठाण्याला निघून आले.

ठाण्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर होते, मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी विलायती मासिकात वाचलं होतं, की धावरं, म्हणजे कातडीवर लाल चट्टे पसरत जाणारा रोग, होऊन भयंकर ताप आलेल्या कुणाची तरी अशीच गाठ विरघळली. आता तिकडे तो ताप मुद्दाम आणणारं औषध करून पाहत होते म्हणे. "खात्री देत नाही, आबा," ते म्हणाले, "पण दुसरं माझ्याकडे काही नाही." आबा म्हणाले, "टोचा." त्यांना अजून जगायचं होतं, आणि ते सांगायला ते लाजत नव्हते.

डॉक्टरांनी मला तापाची नळी लावायला शिकवलं, आकडे कागदावर लिहायला सांगितले. "ताई, एक लक्षात ठेवा. हा ताप उतरवायचा नाही. ताप हेच औषध आहे." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

पहिली सुई दिली त्या दुपारी आबांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, बाज हलायला लागली. पारा एकशे चारला जाऊन बसला. मग ते बडबडू लागले, भरती आली, बांध फुटला, धावा रे म्हणून. माणूस असा तापलाय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं? आमच्या सात पिढ्यांत कुणी बसलं नव्हतं! आई देवापाशी होती. मी उठले, गुळवेल नि काडेचिराईत उकळलं, आबांना चमच्याचमच्यानं पाजलं, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. कोण पाजतंय हेही त्यांना कळत नव्हतं. तासाभरात घाम सुटला तेव्हा मला रडूच फुटलं. कागदावर उतरलेला आकडा लिहिला.

दुसऱ्या सुईच्या वेळीही मी तेच केलं. या खेपेस आईनं मला चुलीपाशी पाहिलं. ती तशीच मागे फिरून देवापाशी जाऊन बसली.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर कागद पाहून कपाळाला आठ्या घालून बसले. "ताप टिकतच नाही. माप कमी पडतंय. आज दुप्पट देतो."

दुप्पट दिलं तर आबा हातचे जातील. बोल गं, बोल, असं मनात स्वतःला म्हणत होते, पण तोंड उघडेना. त्याच सकाळी आबा शेजाऱ्यांना सांगत होते, "माझी लेक बघा, आकडे कसे चोख लिहिते."

तेवढ्यात आई दाराआडून पुढे आली. "दुप्पट नको. काढा मी दिला होता. दोन्ही वेळा."

डॉक्टरांनी पिचकारी खाली ठेवली. आबांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "अगं," ते म्हणाले, "तुला मी नको झालो होतो का?" आई खाली बघत राहिली. आणि मी? मी कागदाची घडी घालत राहिले. आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या सुया पहिल्याच मापानं झाल्या, ताप हवा तेवढा चढू दिला. गाठ थोडी मऊ पडली, मग पुन्हा वाढली. ते दोन ताप टिकले असते तरी गुण आलाच असता असं नाही, हे औषध अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही, असं डॉक्टरांनी आबांना परोपरीनं समजावलं. आबांनी काही ऐकलं नाही.

त्यानंतर ते पाच महिने होते. खरं सांगून टाकते, असं मी आईला कितीदा म्हटलं. ती म्हणायची, "राहू दे गं. लेकीवर तरी भरवसा राहू दे त्यांचा." त्या पाच महिन्यांत आबांनी आईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तांब्या तीच भरायची, दारापर्यंत आणायची, आणि माझ्या हातात द्यायची.