मिस्टर झेले

उंच उडालेल्या चेंडूकडे पाठ करून धावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फटका बसला की आम्ही माना वर करून "माझा, माझा" ओरडत एकमेकांवर आपटायचो. हा एकदाच वर बघायचा, वळून खाली मान घालून पळत सुटायचा आणि थांबेल तिथे चेंडू मुकाट त्याच्या ओंजळीत यायचा. आमच्या रत्नागिरीकरांनी त्याचं बारसंच करून टाकलं, मिस्टर झेले.

गडी मूळचा अमेरिकन. तिकडे पंधरा वर्षं बेसबॉल खेळून पोट भरलं. मैदानाच्या पार टोकाला उभं राहून चेंडू पकडणं हाच धंदा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा एका कंपनीच्या गोदामावर साहेब होऊन बहारीनला आला. सत्तरच्या दशकात तिथे नोकरीला असलेले आम्ही दर शुक्रवारी वाळूवर क्रिकेट खेळायचो. एकदा बघायला म्हणून थांबला तो राहिलाच. बॅट काही त्याला शेवटपर्यंत धड धरता आली नाही. शेवटच्या नंबरला जायचा, दांडी उडवून घ्यायचा आणि हसत परत यायचा. "माझं काम तिकडे," सीमारेषेकडे बोट दाखवून म्हणायचा.

शिस्तीचा मात्र भारी. सामन्याआधी तासभर येऊन आपल्या जागेवरचे खडे वेचत बसायचा. कशाला उन्हात मरता, असं मी विचारलं तर म्हणाला, "चेंडू पकडणं सोपं आहे. येत नसतो तेव्हा जागं राहणं अवघड." मी कप्तान, पण झेल सोडण्यात माझा हात कोणी धरला नसता. हा कधी चिडला नाही. "खलास. पुढचा बघ," एवढंच.

ऐंशी सालानंतर त्याची नजर अधू झाली. लागोपाठ तीन झेल सुटले, एक चेंडू तर थेट खांद्यावर बसला. त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी उम्म अल हस्समला माझ्या खोलीवर सगळे जमले आणि ठरलं, झेलेला काढायचं. सांगणार कोण? कप्तान. माझी काही छाती होईना. संघाची यादी दर गुरुवारी मनामाच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या काचेवर लागायची. मी त्याचं नाव गाळून यादी चिकटवली आणि सटकलो. वाचेल, समजेल, म्हटलं.

शुक्रवारी तो आला. पाण्याचा कॅन भरून सीमेबाहेर बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आमच्या एकाचा पाय मुरगळला. बदली क्षेत्ररक्षक हवा, आणि दुसरं होतं कोण? मी धावत गेलो. "साहेब, चला."

तो जागचा हलला नाही. "आधी सांग, मला का काढलंस?"

"साहेब, काल यादीत..."

"यादी वाचली मी. तिकडेसुद्धा मला भिंतीवरच्या कागदानेच काढलं होतं. पंधरा वर्षं खेळलो, एकाने तोंडाने सांगितलं नाही. तू सांग."

सामना खोळंबला होता, पंच हाका मारत होते.

"तुम्हाला आता चेंडू दिसत नाही, साहेब. म्हणून मी काढलं तुम्हाला."

"बरोबर केलंस," तो म्हणाला. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला, टोपी घातली आणि मैदानात गेला.

त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेला परतला. पुढे मी नोकरीत वर चढलो आणि माणसं कमी करायची पाळी माझ्यावर चार-पाचदा आली. आदल्या रात्री झोप लागायची नाही. पण सकाळी एकेकाच्या टेबलाशी जाऊन, त्याच्याकडे बघून, मी स्वतः सांगितलं.