सुभद्राबाईसाठी टांगलेला आकडा

दिवाळीनंतरची सकाळ होती. वणीत कापसाच्या जिनिंगसमोरच्या टपरीवर मी चहाची बशी तोंडाला लावली होती, तर मागच्या गल्लीतली मीना धावत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मुकादम, सुभद्राबाई गेली. आकडे टांगता का?" बशी तशीच हातात राहिली. मागच्या गल्लीत ट्रकवाले पैसे देऊन जातात आणि तिथल्या बायांचं पोट त्यावर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. आणि आकडे टांगणं म्हणजे आम्हा हमालांची रीत. रुईची गठाण, म्हणजे दाबून बांधलेली गासडी, ओढायचा लोखंडी आकडा हमालाच्या कमरेला असतो. आमच्यातला कोणी गेला की सगळ्यांनी आकडे खिळ्याला टांगायचे, दुपारपर्यंत एक गठाण हलवायची नाही. मालकाशी भांडून ही रीत मी बसवली. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, पण एवढं माझ्या नावावर आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी सुभद्राबाई पहिल्यांदा आली ती हमालांच्या खोलीच्या दारात. आत आली नाही, मीही ये म्हटलं नाही. म्हणाली, "मुकादम, मजुरीसाठी तुम्ही आठ दिवस गठाण उचलली नाही. आमच्याकडे जो पिऊन येते, निरोध नाही म्हणते, मारते, त्याले दार बंद करायचं आहे. एकटीनं केलं तं मार खाते. सगळ्याईनं कसं करावं?" संप कसा करावा हे कोणी विचारलं की मला राहवत नाही. सांगून टाकलं, "सगळ्यात गरजू कोन ते पाह्य. पहिल्याच दिवशी तिच्या घरी पीठ पोचव. तेच आधी फुटते." तिनं मान डोलावली. मग आपण कोणाशी बोलतो आहोत ते मला आठवलं. म्हणालो, "पण तुमचं ते काम नव्हे." "मंग काय आहे?" तिनं विचारलं. पाप म्हणावं, तर तिथं जाणारे दोघं-तिघं माझ्याच टोळीतले होते. ती हसली. "तुमची गठाण गप असते मुकादम. आमची शिव्या बी देते."

महिन्याभरात गल्लीत नियम लागला. पिऊन येणाऱ्याला एकही दार उघडेना. पीठ पोचवलं होतं तिनं. मला आनंद झाला की राग आला, हे आजही सांगता येत नाही. युक्ती तर माझीच होती.

पुढं कापसाचे दिवस वाईट आले. भाव पडला, कापसाच्या बैलबंड्या येईनात, आम्ही आठ-आठ दिवस बसून. "तुमचा बाजार पडला की आमचा बी पडते," ती म्हणायची. त्याच हंगामात आमच्या टोळीतला गणपत गठाणीखाली सापडून मेला. आम्ही आकडे टांगले. संध्याकाळी कळलं, मागच्या गल्लीतही सगळी दारं बंद आहेत. मी तणतणत गेलो. "तुले कोनं सांगतलं होतं? काहून मेल्या माणसाले बदनाम करून राह्यली?" ती उंबऱ्यावर बसली होती, उठली नाही. म्हणाली, "दिवसाउजेडी आम्हाले राम राम करणारा तो एकच होता, मुकादम." ... एवढंच. गणपत त्या गल्लीत कधी गिऱ्हाईक म्हणून गेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी मात्र इतकी वर्षं तिच्याशी बोललो ते दाराआड. रस्त्यात दिसली की मी डोक्यावरची टोपी सारखी करायचो, म्हणजे तिकडं पाहावं लागत नसे.

तर त्या सकाळी मी टपरीवरून उठून जिनिंगच्या फाटकावर गेलो. किती दिवसांनी बंड्यांची रांग लागली होती. माझ्या जागी आलेल्या नव्या मुकादमाला म्हणालो, "आकडे टांगा रे. सुभद्राबाई गेली." तो म्हणाला, "बाबाजी, ते कोन आपली?" मागून कोणीतरी बोललं, "बाबाजीची जुनी ओळख दिसते!" सगळे हसले. मालकापुढे कधी न वाकलेला मी, त्या हसण्यापुढे मागे सरलो. गणपतसाठी तिनं दारं बंद केली होती, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही.

तेवढ्यात तिरडी आली. खांदा बायांनीच दिला होता. फाटकापाशी त्या थांबल्या. आमच्या हमालाची तिरडी तिथं थांबवतात, ती रीत म्हणून थांबल्या, की बंड्या हटायची वाट पाहत होत्या... मला समजलं नाही. मीनाला विचारायची हिंमत होत नाही. माझा हात टोपीकडे गेला होता. काढायला गेला की सारखी करायला, तेही नीट आठवत नाही.

घरी आलो. काम सुटल्यापासून माझा आकडा ओसरीतल्या खिळ्यालाच असतो. मी तो काढला, फडक्यानं पुसला, परत टांगला. बायको तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कायले काढला होता? तो तं टांगलेलाच होता."

याला दीड महिना झाला. आता मी सकाळी उठून आकडा टांगतो आणि दुपार झाली की काढून कोनाड्यात ठेवतो. म्हणजे सकाळ तिच्या नावाची. अशी एकट्यानं रीत पाळली जाते का... ती बसवणारा मीच, पण मला ठरवता येत नाही.