नव्या घराची तालीम

खिळेकाकांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरचे धास्तावायचे. माणूस वाईट नव्हता, उलट भलाईचाच त्रास जास्त. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ओळी लावल्या, म्हणून हे नाव. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात आणि कागदावर सुलट उमटतात. ते बघून बघून काकांची अशी समजूत झाली होती, की आधी मांडणी चोख केली तर पुढे काही बिघडत नाही. छापखाना बंद पडला, पण ही समजूत काही गेली नाही.

काकूंचं काम घरातच असायचं. शिंप्यांच्या दुकानांतून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि काकू त्यांना काजं-बटणं करून द्यायच्या. नंतर काचबिंदूने हळूहळू दृष्टी नेली आणि शर्ट यायचे थांबले. पण त्यांना दिसत नाही, याचा घरात कुणा परक्याला पत्ता लागायचा नाही. पलंगाची कड सुटली की शिवणयंत्र हाताला लागायचं, त्याच्यापुढे खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट आणि आत ओटा. चहा त्याच करायच्या, कपडे त्याच वाळत घालायच्या. संध्याकाळी कुणी आलं तर उठून दिवासुद्धा लावायच्या, पाहुण्याची अडचण नको म्हणून. त्यांची अट एकच होती. घराबाहेर कुणीही हात धरा, घरात मला हात लावायचा नाही. एकदा मुलाने पटकन दंड धरला, तर त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग इमारत पाडायची ठरली. मुलाने नवीन इमारतीत आईवडिलांसाठी फ्लॅट घेतला आणि सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूसही ठरवून टाकला. बाबांनी एक वाटीसुद्धा उचलायची नाही, बांधण्यापासून लावण्यापर्यंत सगळं तेच करणार, असं त्याने फोनवर बजावलं. काका खूश झाले.  रात्री अंथरूण घालताना काकू एवढंच म्हणाल्या, "तिकडे मी आंधळी होणार हो."

हे काकांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी ते मोजपट्टी घेऊन नव्या इमारतीत गेले. तिथल्या रखवालदाराने मुलाने घेतलेला फ्लॅट उघडून दाखवला. काकांनी भिंतन् भिंत मोजली. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला कपाटाची जागा, कपाट संपलं की ओट्याची कड, ओट्यापुढे बाथरूमचं दार. घरी आले ते मनाशी ठरवूनच. घर बदलल्यावर काकूंनी नवीन घर शिकायचं, हे चुकीचं. आधी शिकायचं आणि मग बदलायचं.

तेवढ्यात कंपनीचा मुकादम सामान बघायला येऊन गेला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत आधीच ठेवून गेला. ती काकांच्या पथ्यावरच पडली. त्यांनी खोकी जोडली, एकावर एक रचली आणि जुन्या घरात नव्या घराच्या भिंती उभ्या केल्या. कपाट ओढून खिडकीपुढे लावलं, गॅस ओट्यावरून काढून टेबलावर आणला. भरदुपारी घरात अंधार झाला. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं, काकाच येताजाता ठेचकाळत होते. शेजारी डोकावून जायचे आणि जिन्यात हसायचे.

काकूंचे मात्र हाल झाले. नडग्या काळ्यानिळ्या पडल्या, दुधाचं पातेलं उपडं झालं. एकदा दोन खोक्यांच्या मधे सापडल्या, कुठेच वाट मिळेना, तेव्हा खालीच बसल्या आणि रडल्या. "मला माझं घर परत लावून द्या," म्हणाल्या. काकांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते बधले नाहीत. थोडी कळ काढ, म्हणाले. आणि काकूंनी काढली. जुन्या वाटा हातांतून पुसून टाकल्या आणि नव्या घातल्या. एके दुपारी काकू त्या खोक्यांच्या घरात दारापासून बाथरूमपर्यंत चालत गेल्या आणि तशाच परत आल्या, कुठेही न अडखळता. दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "मी पोचले नव्या घरात. तुम्ही या सावकाश."

सामान हलवायच्या दिवशी काका भलतेच खुशीत होते. मुकादम कामाचा पक्का माणूस निघाला. त्याच्या माणसांनी काचेचं सगळं कागदात गुंडाळलं, कपाटाला गोधडी बांधली. कुठली वस्तू कुठे लावायची ते काकांनी त्याला दहादा समजावलं, आणि कशासाठी तेही सांगितलं. मुकादम म्हणाला की काही काळजी करू नका, जसंच्या तसं लावून देतो. नव्या इमारतीपाशी पोचल्यावर काकूंना मुलाच्या गाडीत खालीच बसवून काका त्याच्याबरोबर वर गेले.

वर मुकादम दारातच थांबलेला होता. कपाट माणसांच्या खांद्यावर तसंच होतं.

"काका, कपाट उजव्या हाताला म्हणाला होता तुम्ही," तो म्हणाला. "इथं उजव्या हाताला गॅलरीचं दार आणि खिडकी आहे. भिंत डावीकडे आहे."

काका आत गेले. ओटा डावीकडे होता. बाथरूमचं दार डावीकडे होतं. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं.

मुलगा हसत होता. त्याला वाटलं, बाबांना आवडलं. तो उत्साहाने सांगू लागला की तो पहिला फ्लॅट फार अंधारा होता, म्हणून खटपट करून समोरचा मिळवला. नकाशा अगदी तोच आहे, पण इथे दिवसभर ऊन येतं. मुद्दामच सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून. काकांनी बदलून मिळेल का विचारलं. मुलाने समोरच्या दाराकडे बोट केलं. तिथे आधीच कुणाच्या तरी चपला काढलेल्या होत्या. मग काकांनी त्याला खोक्यांचं घर सांगितलं, पहिल्यांदाच. मुलाचं हसू गेलं, पण तो म्हणाला, "तेच तर घर आहे ना बाबा, फक्त उलटं. आईला एकदा सांगितलं की कळेल तिला."

ज्याला दिसतं तो असंच म्हणणार. काकांना त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागले होते ते, आणि तेही बायकोच्या हातचं. त्यांनी मुकादमाला सांगितलं, तरीही कपाट उजवीकडेच ठेवा, खिडकीपुढे. मुकादमाने ठेवलं. मग ओट्याकडे पाहून म्हणाला, सामान पाहिजे तसं फिरवतो काका, पण भिंती मी कशा फिरवू.

काकूंना वर आणायला काकाच गेले. लिफ्टमध्ये तीनतीनदा सांगायचं ठरवलं, तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंनी केस नीट बसवले होते. दारात आल्यावर त्यांनी काकांचा हात सोडला.

"आता माझं मला येतं," त्या म्हणाल्या.

"अगं, जरा थांब..."

पण त्या आत शिरल्याही होत्या. उजवा हात पुढे केला, तर कपाट लागलं. काकूंचा चेहरा उजळला. कपाटावरून हात फिरवत त्या भराभर पुढे गेल्या, मान वर करून, घरच्या मालकिणीसारख्या. कपाट संपलं. ओट्याची कड यायला हवी होती, ती आली नाही. हात पुढे गेला, आणखी पुढे गेला. पाय गॅलरीच्या उंबऱ्याला अडखळला आणि तोंडावर वारा आला. मुलगा धावला आणि त्याने आईचे दोन्ही दंड धरले.

काकूंनी हात झटकले नाहीत.  त्यांनी विचारलं, "अहो, मी काय चुकले?"

काकांनी सगळं सांगितलं. तू चुकली नाहीस, चुकलो ते मी, म्हणाले. खोकी अजून खाली आहेत, पुन्हा शिकू, उलटं करून शिकू, असंही म्हणाले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"जुनं पुसलं, मग हे भरलं," त्या म्हणाल्या. "आता हे कशाने पुसू?"

मुलाने खुर्ची उन्हात ठेवली आणि आईला तिथे नेऊन बसवलं. मुकादम माणसांना घेऊन गेला. जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं. काका चहाचं बघायला उठले, तशी काकूंनी चाचपडत त्यांचं मनगट पकडलं.

"सांगून जात जा," त्या म्हणाल्या. "मला इथून उठता येत नाही."